शाळा कोणाच्या स्वाधीन? : मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमधील १८४७ च्या वादाचा पुनर्विचार

(१)

शाळांचा कारभार राज्यकर्त्यांनीं पाहावा कीं वर्गांत उभें राहून शिकविणाऱ्या शिक्षकांनीं, हा प्रश्न वेळोवेळीं नव्यानें उद्भवल्यासारखा मांडला जातो. मुंबई शहरापुरतें बोलावयाचें तर त्याचें वय दोनशें वर्षांचें आहे, आणि त्याचीं लेखी साधनेंही विपुल आहेत. त्यांपैकीं बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें १८४७ सालीं झालेल्या वादाचे कागद आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटतात. हा वाद आजपर्यंत बहुधा इंग्रजी विरुद्ध देशी भाषा असा भाषेचा वाद म्हणून वर्णिला गेला आहे. तें वर्णन खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. कोणत्या भाषेंत शिकवावें या प्रश्नाच्या पोटांत, तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा प्रश्न होता. पहिल्यावर भरपूर लिहिलें गेलें. दुसरा मात्र सरळपणें कोणी हातीं घेतला नाहीं, असें आमचें मत आहे. तें मांडणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. आम्ही शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलें आहे, तेव्हां आमचा कल कोणीकडे असणार हें वाचकांनीं आधींच गृहीत धरावें व त्या मानानें आमचीं विधानें तपासून घ्यावींत.

संस्कृत वाङ्मयाच्या वाचकांस या प्रश्नाचें एक जुनें रूप परिचित आहे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण, हा तंटा राजा अग्निमित्रापुढें येतो. राजा स्वतः निकाल देत नाहीं. परिव्राजिका कौशिकी हिला मध्यस्थ करण्यांत येतें, आणि आचार्यांची परीक्षा त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून व्हावी असें ठरतें. वरकरणी ही रीति अगदीं न्याय्य दिसते. परंतु मालविका राजाच्या दृष्टीस पडावी एवढ्यासाठींच हा सारा घाट घातलेला आहे, हें प्रेक्षकांस ठाऊक असतें. विद्येचा तंटा राजद्वारीं गेला म्हणजे त्यांत राजद्वाराचा एखादा हेतु शिरतोच. तो हेतु दुष्टच असेल असें नाहीं, पण तो विद्येचा हेतु नव्हे. १८४७ चे कागद वाचतांना हा अंक मनांत ठेवणें उपयोगाचें आहे.

(२)

प्रथम पूर्वपीठिका. सरकारी शाळा निघण्यापूर्वीं आपल्याकडे शाळा होत्या त्या पंतोजींच्या. धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मोडी वाचावयाची व लिहावयाची, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करावयाची, हा त्यांतील अभ्यास. शाळेस बहुधा स्वतःची इमारत नसे. एखाद्या देवळाची ओसरी किंवा सधन गृहस्थाची पडवी पुरे होई. पंतोजीस वेतन पालकांकडून, पुष्कळदां धान्याच्या रूपानें मिळे. १८२४ च्या सुमारास मुंबई सरकारनें जिल्ह्याजिल्ह्यांतून या शाळांची माहिती मागविली. ती पुढें रा. वि. परुळेकर यांनीं संपादून प्रसिद्ध केली आहे.

पंतोजीवर सरकारचा अंमल नव्हता. परंतु म्हणून तो स्वतंत्र होता असेंही नाहीं. तो पालकांचा आश्रित होता. पालकांस हिशेब पाहिजे, तर तो हिशेब शिकवी. पालकांस मुलींस शिकवावयाचें नव्हतें, म्हणून मुली शाळेंत नव्हत्या. गांवास अस्पृश्यांचीं मुलें ओसरीवर नको होतीं, म्हणून तीं ओसरीवर आलीं नाहींत. शिक्षकाच्या हातीं शाळा सोंपविली म्हणजे सर्व दोष जातील, असें समजणाऱ्यांनीं पंतोजींच्या शाळेचा हा भाग विसरूं नये.

१८२२ सालीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईंत शाळा व शालेय पुस्तकें यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. तीच १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें ओळखली जाऊं लागली. हिच्या कमिटींत युरोपियन व एतद्देशीय असे दोन्ही प्रकारचे सभासद होते. इंजिनियर खात्यांतील कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस, व सदाशिव काशीनाथ छत्रे ऊर्फ बापू छत्रे हे नेटिव्ह सेक्रेटरी. छत्रे यांचें ‘बाळमित्र’ १८२८ सालीं प्रसिद्ध झालें. जर्व्हिस यांनीं शास्त्रीमंडळींच्या साह्यानें गणिताचे ग्रंथ मराठींत उतरविले, आणि शिक्षक तयार करून जिल्ह्यांत पाठविले. छत्र्यांच्या मागून बाळशास्त्री जांभेकर नेटिव्ह सेक्रेटरी झाले. या मंडळीचा विशेष असा कीं, ठरविणारे आणि करणारे यांच्यामध्यें तिच्यांत फारसें अंतर नव्हतें. जो कमिटीच्या बैठकीस बसे तोच पुस्तक लिही, किंवा निदान तें लिहिणाऱ्या शास्त्र्याशीं रोज बोले.

(३)

१८४० सालीं ही व्यवस्था बदलली. सोसायटीच्या शाळा बोर्ड ऑफ एज्युकेशन या नव्या मंडळाच्या हातीं गेल्या. बोर्डांत एक अध्यक्ष व सहा सभासद. पैकीं तीन सरकारनें नेमावयाचे व तीन सोसायटीनें द्यावयाचे. सोसायटीच्या वतीनें प्रथम आले ते जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई व महंमद इब्राहिम मकबा. १८४३ पासून १८५२ पर्यंत सर अर्स्किन पेरी अध्यक्ष होते. ते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. १८४७ सालीं मुख्य न्यायाधीश झाले.

ही रचना नीट पाहिली पाहिजे. बोर्डांत न्यायाधीश होते, व्यापारी होते, सरकारी अधिकारी होते. एतद्देशीय शिक्षक मात्र एकही नव्हता. ज्यांच्या शाळा चालवावयाच्या त्या रयतेचे प्रतिनिधि म्हणून शहरांतील तीन प्रतिष्ठित गृहस्थ घेतले गेले, ही गोष्ट त्या काळच्या मानानें उदार होय. परंतु रयतेचा प्रतिनिधि निराळा व शिक्षक निराळा, हा भेद तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलेला दिसत नाहीं. राजकारणांतील प्रतिनिधित्व मिळालें म्हणजे शाळेचा प्रश्न सुटला, ही समजूत येथपासून आपल्याकडे रूढ झाली.

(४)

आतां प्रत्यक्ष वाद. पेरीसाहेबांचें म्हणणें थोडक्यांत असें: बोर्डाजवळ पैसा थोडा, तो गांवोगांवच्या मराठी व गुजराथी शाळांवर पसरून टाकण्यापेक्षां थोड्या विद्यार्थ्यांस इंग्रजीच्या द्वारें उत्तम शिक्षण द्यावें, वरच्या वर्गांत विद्या रुजली म्हणजे ती आपोआप खालीं झिरपेल. देशी भाषांत ग्रंथ नाहींत, भाषांतरें निकृष्ट आहेत, आणि उच्च विषय शिकवूं शकणारे शिक्षक नाहींत, अशीही त्यांची तक्रार होती. न्यायाधीशाच्या ठिकाणीं शोभेल अशी ही मांडणी आहे. ती नेटकी आहे, हिशेबी आहे, आणि तिच्यांतील एकेक विधान तेवढ्यापुरतें खरेंही आहे.

जगन्नाथ शंकरशेट यांनीं १ मे १८४७ रोजीं आपलें भिन्न मत लिहून दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, इंग्रजीचा आपणांस द्वेष नाहीं. परंतु बहुजनांपर्यंत ज्ञान पोंचावयाचें असेल तर तें त्यांच्या स्वतःच्या भाषेंतूनच पोंचेल, परक्या भाषेंतून तें मूठभर लोकांपलीकडे जाणार नाहीं. हें लिहिणारा गृहस्थ स्वतः इंग्रजींत उत्तम व्यवहार करणारा व सरकार-दरबारीं मान असलेला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या मताचें वजन कळतें. संस्कृताच्या विद्यार्थ्यांस त्यांचें नांव मॅट्रिकच्या परीक्षेशीं जोडलेल्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीमुळें ठाऊक असतें. पण मराठी शाळेवर त्यांचे उपकार त्याहून मोठे आहेत.

मतविभागणी झाली ती अशी: पेरी व दोन युरोपियन सभासद एका बाजूस, तीन एतद्देशीय सभासद व जर्व्हिस दुसऱ्या बाजूस. ही यादी पाहून कित्येकांनीं हा गोरे विरुद्ध काळे असा सामना ठरविला आहे. तसें म्हटल्यास जर्व्हिस यांचा उलगडा होत नाहीं. आमच्या मतें त्यांचें पारडें कोणत्या बाजूस पडलें यांतच या वादाची किल्ली आहे. बोर्डांतील युरोपियनांपैकीं मराठींत पाठ्यपुस्तकें तयार करण्याचें व शिक्षक घडविण्याचें काम वर्षानुवर्षें ज्यानें स्वतः केलें होतें, तो हाच एक होता. मराठींत भूमिति शिकवितां येते कीं नाहीं, हा इतरांस तर्काचा विषय होता. जर्व्हिस यांस तो अनुभवाचा होता. जगन्नाथ शंकरशेटही सोसायटीच्या काळापासून शाळांच्या कारभारांत मुरलेले होते. तेव्हां ही विभागणी वर्णाची म्हणण्यापेक्षां, शाळा जवळून पाहिलेल्यांची व न पाहिलेल्यांची होती, असें म्हणणें अधिक सयुक्तिक दिसतें.

वर्गाशीं निकट संबंध असलेल्या दुसऱ्या एका युरोपियनाची साक्षही याच बाजूची आहे. थॉमस कँडी यांनीं पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख करीत असतांना मत दिलें होतें तें असें कीं, नव्या कल्पना इंग्रजींतून घ्याव्या, त्यांसाठीं शब्दसंपत्ति संस्कृतांतून आणावी, आणि लोकांस शिकवावें तें मराठींतून. तिन्ही भाषांस आपापलें काम नेमून देणारी ही योजना कोश रचणाऱ्या व मराठी पुस्तकें तपासणाऱ्या माणसास सुचली. मोजक्या रकमेचा हिशेब मांडणाऱ्यास ती सुचली नाहीं, यांत नवल नाहीं.

चार विरुद्ध तीन असें बहुमत असूनही प्रकरण निकालासाठीं सरकारकडे गेलें. १८४८ सालीं उत्तर आलें. तें इतकें मोघम होतें कीं दोन्ही पक्षांस त्यांत आपापलें समर्थन दिसलें. पुढें १८५४ च्या वुडच्या खलित्यानें उच्च शिक्षणास इंग्रजी व लोकशिक्षणास देशी भाषा अशी वांटणी केली, आणि १८५५ सालीं बोर्ड जाऊन त्याच्या जागीं विद्याखातें व त्याचा डायरेक्टर आला. म्हणजे प्रथम ठरविणारे सात होते, नंतर एक झाला. वादाचा विषय शाळा, वाद करणारे राजकारणी व अधिकारी, आणि निकाल देणारें सरकार. शिक्षकाचें मत अधिकारानें मागितलें गेलें असें या साऱ्या क्रमांत कोठेंच नाहीं.

(५)

शिक्षक त्या वेळीं काय करीत होते, हें पाहिल्याखेरीज चित्र पुरें होत नाहीं. बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें शिकवीत. शिक्षक तयार करण्यासाठीं १८४५ सालीं जो नॉर्मल वर्ग निघाला त्याचे ते चालक होते. प्राचीन लेखांच्या वाचनाचें त्यांचें काम आणि १८४५ सालीं शिळाछापावर निघालेली त्यांनीं शोधलेली ज्ञानेश्वरी हस्तलिखितांच्या संग्राहकांस अपरिचित नाहीं. मे १८४६ मध्यें ते वारले. ज्या एका मराठी शिक्षकाचें वजन बोर्डास नाकारतां आलें नसतें, तो वादापूर्वीं एकच वर्ष नाहींसा झाला.

त्यांच्या जागीं नॉर्मल वर्गावर दादोबा पांडुरंग आले. त्यांचें मराठी व्याकरण १८३६ सालींच छापलें गेलें होतें. मराठी शिकविण्यास साधनें नाहींत असा युक्तिवाद १८४७ सालीं होत असतां हें व्याकरण अकरा वर्षांचें जुनें झालें होतें. मोल्सवर्थचा कोश तर १८३१ पासून उपलब्ध होता, आणि शास्त्री मंडळींनीं रचिलेला महाराष्ट्र भाषेचा कोश त्याच्याही आधींचा. साधनें अपुरीं होतीं हें मान्य. पण तीं वाढत होतीं, आणि वाढविणारे बहुतेक शिक्षक व शास्त्री होते.

याहून बोलकी गोष्ट मुलींच्या शाळांची. १८४८ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापक पॅटन यांच्या अध्यक्षतेखालीं तेथील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनीं स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख चालकांपैकीं एक. पुढल्याच वर्षीं या मंडळींनीं मराठी व पारशी मुलींसाठीं शाळा काढल्या आणि सकाळच्या वेळीं आपण स्वतः वेतन न घेतां तेथें शिकवूं लागले. सरकारचा हुकूम नव्हता, बोर्डाची मंजुरी नव्हती. गिरगांवांत जगन्नाथ शंकरशेट यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली, पुढें डॉ. भाऊ दाजी यांचेंही या शाळांस बळ मिळालें. बोर्डाच्या बैठकींत ज्या प्रश्नाचा कागदोपत्रीं घोळ चालला होता, त्याचें उत्तर तिकडे वर्गांत मराठींतून दिलें जात होतें. बोर्डाचा सभासद म्हणून जगन्नाथ शंकरशेट यांस जें साधलें नाहीं, तें वाड्याचा धनी म्हणून साधलें; कारण तेथें त्यांनीं जागा दिली आणि शिकविणें शिक्षकांवर सोंपविलें.

(६)

येथवरच्या विवेचनावरून राजकारण्यांनीं शाळेकडे फिरकूंच नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. परळ-लालबागचा इतिहास त्याच्या आड येतो.

१८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानें प्राथमिक शाळांची जबाबदारी कॉर्पोरेशनवर टाकली, आणि कारभार सरकार व कॉर्पोरेशन यांच्या संयुक्त कमिटीकडे राहिला. १९०७ सालीं शहराच्या पोलिसांचा खर्च सरकारनें पत्करला व त्याच्या मोबदल्यांत प्राथमिक शिक्षणादि बाबींचा भार कॉर्पोरेशननें घेतला. शाळा शहराच्या हातीं आल्या त्या अशा पोलिसांच्या सौद्यांत. शिक्षणशास्त्राचा त्यांत संबंध नव्हता. तरीही त्याचें फळ चांगलें झालें. १९२० सालीं मुंबई शहरासाठीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि १९२५ सालीं एफ व जी या दोन वॉर्डांत सक्ती सुरू झाली. परळ, लालबाग, दादर, माहीम, वरळी हा गिरण्यांचा व चाळींचा मुलूख तो हाच. गिरणीच्या भोंग्याबरोबर कामास जाणाऱ्या आईबापांचीं मुलें शाळेंत यावयाचीं तर जागा, पैसा व कायदा हीं तिन्ही लागतात, आणि तीं शिक्षकाच्या हातीं नसतात. १९११ सालीं निघालेल्या सोशल सर्व्हिस लीगनें कामगारांसाठीं रात्रशाळा चालविल्या. तिचे संस्थापक ना. म. जोशी स्वतः पूर्वीं शिक्षक होते. परंतु त्यांसही पुढें कायदेमंडळांत जावें लागलें, हें विसरतां येत नाहीं.

शिक्षकाचा अधिकार निरंकुश ठेवूं नये याचें एक उदाहरण आम्हां संस्कृत शिकलेल्यांस खालीं मान घालावयास लावणारें आहे. परळच्या चाळींत राहणारे भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलांत असतां संस्कृत शिकूं इच्छीत होते. अस्पृश्य म्हणून त्यांस तें शिकविलें गेलें नाहीं व फारसी घ्यावी लागली. शाळा सरकारी, दार कायद्यानें उघडें. वर्गाचें दार मात्र शिक्षकानें लावलें. उलट, त्याच मुलास चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसलेला पाहून त्याची चौकशी करणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर हेही शिक्षकच. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले तेव्हां केळुसकरांनीं त्यांस आपलें बुद्धचरित्र भेट दिलें, आणि पुढें सयाजीराव गायकवाड यांच्याशीं त्यांची गांठ घालून दिली. महाराजांनीं दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति दिली. विद्यार्थी ओळखला शिक्षकानें, खर्च उचलला राजानें. आणि काय वाचावें हें राजानें सांगितलें नाहीं. दोघांच्या अधिकाराच्या सीमा कोठें असाव्या याचा याहून स्वच्छ दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

(७)

एवंच, मुंबईच्या कागदपत्रांवरून आम्ही काढितों तो निष्कर्ष असा. शाळा कोणासाठीं उघडी असावी, तिला पैसा व जागा कोठून मिळावी, कोणा मुलास दारांतून परत पाठवितां येऊं नये, हे राज्यकर्त्यांचे विषय होत. त्यांत शिक्षकाच्या मर्जीवर कांहीं ठेवणें धोक्याचें आहे. परंतु कोणत्या वयास कोणती भाषा, कोणता विषय कोणत्या क्रमानें व कोणत्या पुस्तकांतून, हे वर्गाचे विषय होत. त्यांत अंतिम शब्द नसला तरी पहिला शब्द शिक्षकाचा असावा. १८४७ सालीं दुसऱ्या प्रकारचा प्रश्न पहिल्या प्रकारच्या माणसांनीं हातीं घेतला, हा त्या वादांतील मूळ दोष होय. जगन्नाथ शंकरशेट यांचें मत बरोबर होतें, म्हणून रचना बरोबर ठरत नाहीं. त्यांच्या जागीं दुसरा कोणी असता तर मराठी शाळेची बाजू कोणी मांडिली असती?

तो दोष अद्याप गेला आहे असें म्हणवत नाहीं. राज्यघटनेनें विधान परिषदेंत बारांश जागा शिक्षकांनीं निवडावयाच्या ठेविल्या, हें मोठें पाऊल होय. परंतु तो मताधिकार माध्यमिक व त्यावरील शिक्षकांपुरता आहे, प्राथमिक शिक्षकास नाहीं. मूल ज्याच्या हातीं प्रथम येतें त्यासच आवाज नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समित्यांत तीनचतुर्थांश जागा पालकांस दिल्या. पंतोजीच्या शाळेंतील पालक असा दोनशें वर्षांनीं परत आला, यांत हितही आहे व वर सांगितलेला जुना धोकाही. आणि २०२५ सालीं पहिलीपासून तिसरी भाषा शिकविण्याचा शासननिर्णय एप्रिलमध्यें निघून लोकांच्या विरोधामुळें जूनअखेर रद्द झाला, व विषय समितीकडे गेला. निर्णय काढणारे राजकारणी आणि तो मागें घेण्यास लावणारे मुख्यतः राजकारणीच. कौल कोणास आवडो वा न आवडो, सहा वर्षांच्या मुलांस रोज शिकविणारी शिक्षिका या साऱ्यांत कोठें होती, हा प्रश्न १८४७ प्रमाणेंच शिल्लक राहतो.

असो. इतिहाससंशोधकाचें काम निकाल देण्याचें नाहीं, साधनें पुढें आणण्याचें आहे. बोर्डाचे अहवाल व सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारांत सुरक्षित आहेत. त्यांत पेरीसाहेब व शेटजी बोलतात. दादोबांसारख्या शिक्षकाचें आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलें म्हणून तो एक आवाज आपणांस ऐकूं येतो. बाकीचे आवाज जुन्या घरांच्या माळ्यांवर आहेत: मोडी हजेरीपट, उजळणीच्या वह्या, पंतोजीच्या वेतनाचे रोजकीर्दींतील टांचण, शिक्षकांनीं वरिष्ठांस लिहिलेल्या अर्जांच्या नकला. पोथ्या व सनदा शोधणारे आमचे संग्राहक बांधव असे कागद हातीं आल्यास क्षुल्लक म्हणून बाजूस टाकितात, किंवा रद्दींत जाऊं देतात. तसें होऊं नये. गिरगांव, दादर, परळ येथील जुन्या शाळांचीं व शिक्षकांच्या घरांतील दप्तरें कोणाच्या पाहण्यांत आल्यास त्यांनीं त्यांची यादी करून ती या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी आमची विनंती आहे. १८४७ च्या बैठकींत शिक्षकास जागा मिळाली नाहीं. निदान तिच्या इतिहासांत ती त्यास मिळावी.